दिसाचो राम, रातचो कृष्ण: सावंतवाडीची गंजिफा खेळून पाहिली त्याबद्दल

गेली एकोणीस वर्षं मी डबे, पुडे आणि खोकी डिझाइन करते. लहान मुलांच्या टूथपेस्टवरची मगर हसरी हवी की नुसती बघणारी, यावर तीन तास चाललेली बैठक मी बसून काढली आहे. (हसरी ठरली. दात दिसायला हवेत ना.) अलीकडे येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं मागणं एकच: ‘प्रॉडक्टला स्टोरी पाहिजे.’ मग खोक्याच्या पाठीवर चार ओळींची गोष्ट येते आणि कोपऱ्यात क्यूआर कोड येतो. पोरं तो एकदा स्कॅन करतात, पडद्यावर मगर नाचते आणि खोकं कचऱ्यात जातं. मगर पुन्हा कुणाला आठवत नाही.

त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत सावंतवाडीला गंजिफेचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा, संच हातात घेतला, तेव्हा सवयीने आधी डबा उलटा करून बघितला. मागे काहीच लिहिलेलं नव्हतं. लाल लाखेचा गुळगुळीत तळ आणि त्यावर कुणाचा तरी अंगठा ओल्यात टेकल्याची खूण. तिथेच मी निम्मी पटले होते, पण दर ऐकून संच परत खाली ठेवला.

दर चार आकडी आहे, नेमका सांगत नाही. दुकानागणिक आणि कारागिराच्या हातागणिक तो बदलतो, आणि मी घासाघीस केली हे आईला कळायला नको. गंजिफेत पूर्वापार दोन प्रती चालत आल्या आहेत, दरबारी आणि बाजारी. दरबारीत पत्त्याच्या कडेने नक्षीचा पट्टा असतो, चित्रकाम बारीक असतं. बाजारीत तो पट्टा नाही, काम झटपट. एकाच खेळाच्या दोन किमती, दोन खिसे. आम्ही ज्याला आज ‘प्रीमियम’ आणि ‘व्हॅल्यू’ म्हणून पॉवरपॉइंटवर मिरवतो, ते चिताऱ्यांनी नक्षीच्या एका पट्ट्यात भागवलं होतं. मी बाजारी घेतली.

दुकान चितारआळीतलं. नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी तक्रार आहे. पुढच्या बाजूला लाकडी फळांच्या परड्या, पाटावर मांडलेली भातुकली, भोवरे, ठकीची पेटी. गल्ल्यामागे एक आजोबा पेपर वाचत बसले होते. संच सूनबाई दाखवत होत्या. मी पत्ते मोजायला लागले तेव्हा आजोबांनी पेपर खाली घेतला.

“तुमी ह्यां खेळूक नेतास काय शोकेसात ठेवूक?”

मी म्हटलं, खेळायला.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं, जणू मी लाकडी आंबा कापून खायला घेऊन चाललेय.

आता वस्तूबद्दल. दशावतारी गंजिफेत 120 पत्ते असतात. दहा अवतारांचे दहा रंग (‘रंग’ म्हणजे आपल्या नेहमीच्या पत्त्यातले बदाम-चौकट असतात तसे), आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पत्ते. पत्ते गोल. माझ्या संचातले साधारण मारीच्या बिस्किटाएवढे आहेत. जुनी रीत अशी: कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, वर पांढरा हात द्यायचा, दगडाने घोटायचं, रंगवायचं, आणि शेवटी लाख. पत्ता टेबलावर टाकला की ‘टक्’ वाजतो. प्लॅस्टिकच्या पत्त्याला हा आवाज नाही. त्याचा फटका बसतो, टक् होत नाही. भाचीने पहिल्या दिवशी निव्वळ या आवाजासाठी वीस मिनिटं पत्ते टाकले.

राजाच्या पत्त्यावर खुद्द अवतार बसलेला, प्रधान घोड्यावर, बाकीच्यांवर त्या अवताराची खूण तितक्या वेळा: मत्स्याला मासे, कूर्माला कासवं, परशुरामाला परशू. प्रत्येक रंगाची जमीन, म्हणजे चित्रामागची पार्श्वभूमी, वेगळी. सगळं हाताने रंगवलेलं, म्हणजे दहा मासे काढायचे तर दहा वेळा मासा काढलेला. आमच्या मत्स्याच्या सत्तीत सहा मासे डावीकडे तोंड करून पोहताहेत आणि एक उजवीकडे. चिताऱ्याची चूक, गंमत, की दुपारची पेंग? घरात त्याचं नाव ‘वेंधळा’ पडलंय. मत्स्याची सत्ती खेळात फार मोठा पत्ता नाही, पण ती आली की घरातला प्रत्येक जण उगाचच खूश होतो. आमच्याकडे छपाईत असा मासा दिसला असता तर अख्खा लॉट परत पाठवला असता. मीच पाठवला असता.

डब्यात पत्त्यांबरोबर एक गुळगुळीत कागद निघाला, इंग्रजीत. त्यावर दहा अवतारांची माहिती, कलेचा इतिहास, ‘राजेशाही वारसा’ वगैरे. खेळायचं कसं याबद्दल एक ओळ नाही. ही माझी तक्रार. एवढ्या निगुतीने 120 पत्ते रंगवायचे आणि सोबतचा कागद संग्रहालयातल्या पाटीसारखा लिहायचा! माझ्या धंद्याने लावलेली कीड इथपर्यंत पोचलीय हे बघून ओशाळल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात गेले. आजोबा त्याच जागी. म्हटलं, आजोबा, खेळ शिकवा. ते हसले. “खेळता कोण आता?” असं म्हणाले खरे, पण सूनबाईंना पत्ते काढायला लावले आणि गल्ल्यावरच मांडले. अर्ध्या तासात जे सांगितलं त्यातलं पहिलं वाक्य हे होतं:

“दिसाचो राम, रातचो कृष्ण.”

म्हणजे खेळ दिवसा मांडला असेल तर ज्याच्या हातात रामाचा राजा आला, त्याने पहिली उतारी करायची. रात्री मांडला तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे, त्याने. का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारावंही लागलं नाही. रामनवमीला पाळण्याची दोरी कधी ओढतात? दुपारी बाराला. आणि गोकुळाष्टमीला? रात्री बाराला. ज्याने लहानपणी एकदा जरी सुंठवडा खाल्लाय, त्याच्या अंगात हा नियम आधीपासून आहे. गोष्ट डब्यावर लिहिलेली नाही, ती नियमातच मुरवलेली आहे. मी गल्ल्याशी उभी राहून मनातल्या मनात आमच्या मगरीची माफी मागितली.

बाकीचे नियम पटकन सांगते. तीन भिडू. प्रत्येकाला चाळीस पत्ते. गोल पत्ते पिसता येत नाहीत, म्हणून चादरीवर सगळे पालथे पसरून दोन्ही हातांनी कालवायचे, भाकरीचं पीठ भिजवावं तसे. तीन जणांचे सहा हात एकदम त्यात. (खेळाचा हा भाग कुणी विकत नाही, पण सगळ्यात मजेचा आहे.) कुठलाच रंग दुसऱ्या रंगाला कापत नाही, त्यामुळे शेवटच्या क्षणी हुकमाची दुर्री टाकून राजा मारायची चैन इथे नाही. कुठल्या रंगातले मोठे पत्ते पडून गेले आणि आता कोण मोठा उरला, हे डोक्यात ठेवायचं. खरी मेख पुढे आहे. दहापैकी पाच अवतारांत राजा, प्रधान, मग दश्शी, नव्वी असा उतरता क्रम लागतो. उरलेल्या पाचांत राजा, प्रधान आणि मग एक्का मोठा, दुर्री त्याखालची, दश्शी सगळ्यात हलकी. कुठले पाच सरळ आणि कुठले उलटे हे आम्ही झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवलंय. वारसावाल्यांनी माफ करावं.

पुण्याला आल्यावर खेळायला बसलो मी, आई आणि माझी भाची ईरा, वय अकरा. आई बहात्तरची. आयुष्यभर फक्त गुलामचोर आणि पाच-तीन-दोन खेळलेली. तिला वाटलं होतं तिला जमायचं नाही. पहिल्या डावात तिने आम्हा दोघींना धुतलं. तिला काहीच पाठ करायचं नव्हतं ना. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की ही यादी तिच्या जिभेवर साठ वर्षं आहे. कुठला रंग संपला, कुठला राहिला, हे ती श्लोक म्हटल्यासारखं पुटपुटत होती. मी बोटांवर मोजत होते आणि ईरा वहीत लिहीत होती. वहीवर लगेच बंदी आली.

इथे थोडा इतिहास घुसडते, कारण तो माझ्या कामाचा निघाला. गंजिफा मूळची इकडची नाही. बाबराने 1527 साली सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराकडे बारा रंगांचा, 144 पत्त्यांचा संच होता, त्याचं वर्णन अबुल फझलने आईन-ए-अकबरीत केलंय. पुढे रूढ झालेल्या मुघल संचात आठ रंग आणि 96 पत्ते. त्या रंगांची नावं ताज, शमशेर, गुलाम अशी, म्हणजे सगळा दरबाराचा संसार. हाच खेळ गावोगाव उतरला तेव्हा त्यावर दरबाराऐवजी दशावतार बसले, कुठे नवग्रह बसले. खेळाचा सांगाडा तोच राहिला, फक्त ज्याला दरबार ठाऊक नाही पण दशावतार ठाऊक आहेत, त्याच्या घरात तो गेला. सिंधुदुर्गात तर दशावतार म्हणजे नुसती यादी नाही. जत्रेच्या रात्री देवळापुढे पेटीच्या आणि मृदंगाच्या साथीने उजाडेपर्यंत चालणारं नाटक आहे ते. तिथल्या पोराला त्या नाटकातला संकासुर राक्षस कोण हे शाळेत जायच्या आधी माहीत असतं. अशा गावात हा संच रुजला यात नवल नाही. पुढे छापील बावन्न पत्ते स्वस्तात आले आणि गंजिफा बसली. सावंतवाडीत ती 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुन्हा उभी केली. उरल्यासुरल्या जुन्या हातांकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागीर बसवले. मोती तलावासमोरच्या त्या राजवाड्यात हे काम बघायला मिळतं. जरूर बघा, नुसता कुंचला कसा धरतात ते पाहण्यातही वेळ छान जातो. 2024 साली सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकनही मिळालं.

याच्या बरोबर उलटं घडलं ते सापशिडीचं. जुन्या मोक्षपटात प्रत्येक शिडीला सद्गुणाचं आणि प्रत्येक सापाला दुर्गुणाचं नाव असायचं. आपल्याकडे परंपरा त्याचा संबंध ज्ञानेश्वरांशी लावते. तो पट इंग्लंडला जाऊन आला आणि आज माझ्या भाचीच्या कपाटात जो आहे, त्यात साप नुसते साप आहेत. तिला साप चावला की ती खाली येते, का येते हे विचारायची सोय नाही. तरी ती खेळते, नाही असं नाही. पण सापशिडी खेळताना तिने मला आजवर एकही प्रश्न विचारलेला नाही.

गंजिफा खेळताना तिने विचारलेले प्रश्न: कल्की अजून आलाच नाही ना, मग चिताऱ्याला तो कसा दिसतो हे कुणी सांगितलं? वामनाची दश्शी वामनापेक्षा मोठी कशी नाही, तो तर बुटका आहे? बुद्धाचा राजा दुसऱ्याचे पत्ते मारतो, हे त्याला चालतं का? या शेवटच्या प्रश्नावर मी गप्प बसले. आई म्हणाली, “मारत नाही गं, नुसता जिंकतो.” आणि बुद्धाच्या राजाने माझा प्रधान घेऊन गेली.

आता कटकटी. गोल पत्ते हातात पंख्यासारखे धरता येत नाहीत, त्यात ते चाळीस. ईराची मूठ पुरतच नाही. तिने शेवटी ताटलीत पत्ते लावून ताटली मांडीवर घेतली, ती युक्ती आता तिघींनीही उचलली आहे. पिवळ्या दिव्यात माझ्या संचातल्या दोन लाल जमिनी एकसारख्या दिसतात. दिवसा फरक कळतो, रात्री भांडण होतं. सरकतं झाकण पुण्यात नीट बसत होतं, पावसाळ्यात फुगून अडकलं. मेणबत्ती घासली की सरकतं. एक डाव दीड तास चालतो, म्हणजे पाहुणे आल्यावर काढायचा हा प्रकार नव्हे. आणि गोलाला वर-खाली नसतं, त्यामुळे अर्धे राजे हातात कायम डोक्यावर उभे असतात. आईला ते खपत नाही. ती प्रत्येक डावाला आधी सगळे देव सुलटे करते, आम्ही थांबतो.

त्याच दुकानात गंजिफेची चित्रं असलेले फ्रिजचे चुंबक, किल्ल्यांच्या साखळ्या, आणि कपाखाली ठेवायच्या चकत्याही मिळतात. चकत्या दिसायला हुबेहूब पत्ताच. खपतात म्हणे चांगल्या, आणि कारागिराच्या हातात चार पैसे पडत असतील तर माझं काही म्हणणं नाही. मी सहा घेतल्या. घरी आल्यावर आईने बघितलं, कूर्मावर चहाचा कप ठेवलेला. म्हणाली, “त्याला सवय आहे, पाठीवर मंदार पर्वत घेतलेला आहे त्याने.” नरसिंहाची चकती मात्र तिने देवघराशेजारी नेऊन ठेवली. त्यावर कप ठेवायची माझीही छाती नाही.

घ्यावी का? घरात तीन जण असतील, त्यातल्या एकाला दशावतार तोंडपाठ असतील आणि एकाला प्रश्न पडत असतील, तर जरूर घ्या. शोकेससाठी हवी असेल तर एक दरबारी राजा चौकटीत लावलेला मिळतो, तो घ्या, 120 पत्त्यांना कोंडू नका. दहापैकी आठ गुण. एक कापला तो त्या इंग्रजी कागदाचा, दुसरा दोन लालांचा. वेंधळ्या माशाचा अर्धा गुण वाढवून देणार होते, पण ईराच्या मते त्याला गुण दिले तर तो सुधारेल.

एक भानगड सांगायची राहिली. ‘दिसाचो राम, रातचो कृष्ण’ हे आजोबांनी सांगितलं, पण दिवस संपतो कधी हे सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी साडेसहाला डाव मांडला आणि वाद लागला. माझ्याकडे राम, ईराकडे कृष्ण. मी म्हटलं, अजून उजेड आहे. ती म्हणाली, सूर्य दिसत नाही. मोबाइलमध्ये सूर्यास्ताची वेळ बघायला गेले तर आईने मोबाइल काढून घेतला. ही घरातली गोष्ट आहे, असं म्हणाली, आणि निवाडा दिला: दिवेलागण झाली की कृष्ण. घरात दिवा लागला, रात्र झाली. त्याआधी राम. मी विचारलं, आणि तिन्हीसांजेला? आई थोडी थांबून म्हणाली, “तेव्हा खरं तर नरसिंहाला मान द्यायला हवा. ना दिवस, ना रात्र.” ते आम्ही पुढच्या वेळेवर ढकललं.

गेल्या रविवारी दुपारी तीनला बसलो. बाहेर लख्ख ऊन. पत्ते वाटून झाले, मी माझी ताटली लावत होते, राम माझ्याचकडे होता. ईरा आपले पत्ते बघून काही न बोलता उठली. खिडकीचा पडदा ओढला, दुसऱ्या खिडकीचा ओढला, देवघरापाशी जाऊन समईची वात पुढे सारली आणि काडेपेटी आजीसमोर धरली.

आईने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, काडी ओढली आणि समई लावली.

“लागला दिवा,” आई म्हणाली. “टाक तुझा कृष्ण.”